उचलणं सोपं, उतरवणं अवघड



या वेळचा लेख ना लढाईवर आहे, ना किल्ल्यावर. तो हाताने फिरवायच्या विंचवर आहे. सॅपरच्या हाताला रायफलच्या खालोखाल सवय असते ती दोर, कप्पी आणि विंच यांची, पण त्यांच्यावर कोणी पोवाडा रचत नाही. सध्या आमची पोस्टिंग गढवालच्या डोंगरात आहे. जागेचं नाव नेहमीप्रमाणे लिहीत नाही. इथे रस्ता संपतो तिथून पुढे प्रत्येक बांधकामावर एखादं स्वस्तातलं विंच दिसतंच. नदीपलीकडे पाइप ओढायला, टेकडीवर सिमेंट चढवायला, दरीत कलंडलेली जीप वर काढायला, सगळीकडे तेच. ते पाहून पाहून मनात जे साचलं ते आज लिहितो.

मुद्दा आधीच सांगून टाकतो. स्वस्त विंच भार उचलण्यात सहसा कमी पडत नाही. ते कमी पडतं भार धरून ठेवण्यात आणि खाली उतरवण्यात. गेल्या दोन हजार वर्षांत या यंत्रात ज्या मोलाच्या सुधारणा झाल्या, त्या बहुतेक एकाच प्रश्नाभोवती फिरतात: फिरवणाऱ्याचा हात सुटला तर काय?

यंत्र आणि त्याचं गणित

बाजारात मिळणाऱ्या साध्या विंचमध्ये मोजून चार गोष्टी असतात. फिरवायचं हँडल, एक लहान आणि एक मोठं दातेरी चाक, दोर गुंडाळायचा ड्रम, आणि चाक उलटं फिरू नये म्हणून दात्यांत अडकणारा खटका. दोन्ही बाजूंना पत्रा, खाली बोल्टची भोकं. झालं विंच.

समजा हँडल 35 सेंटीमीटरचं आहे, गियर एकास दहा आहे, ड्रम 10 सेंटीमीटर व्यासाचा आहे आणि त्यावर 8 मिलिमीटरचा तारेचा दोर आहे. घर्षणात तीस टक्के ताकद जाते असं धरलं तरी 500 किलो उचलायला हातावर साधारण 11 किलोचाच जोर येतो. म्हणजे शाळकरी पोरगंही अर्धा टन उचलेल. जाहिरातीत असतो तो हाच भाग.

आता न सांगितलेला भाग. जोर वाचला की वेळ जातो. धडधाकट माणूस न थकता सलग काम करतो ते साधारण 75 वॉटने, म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बइतकं. या हिशोबाने 500 किलो 10 मीटर वर न्यायला एका माणसाला पाव तास लागतो. गियर कितीही बदला, हा पाव तास हटत नाही. माणसं वाढवली तरच तो कमी होतो. हाताच्या विंचची ही पहिली मर्यादा, आणि ती यंत्राची नसून आपल्या शरीराची आहे.

दुसरी मर्यादा ड्रमवर दिसते. दोराचा पहिला थर बसतो तेव्हा ओढ पूर्ण मिळते. दुसरा, तिसरा, चौथा थर चढत गेला की ड्रम जणू जाड होत जातो आणि ओढ कमी होते. वरच्या उदाहरणात पहिल्या थरावर 500 किलो ओढणारा हात चौथ्या थरावर तेवढ्याच जोरात 345 किलोच्या आसपासच ओढतो. पाटीवर लिहिलेला आकडा सहसा पहिल्या थराचा असतो, आणि भार अगदी वर आलेला असतो तेव्हा आपण नेमके चौथ्या थरावर असतो. शिवाय तारेच्या दोराला फार लहान ड्रम मानवत नाही. ड्रमचा व्यास दोराच्या जाडीच्या निदान सोळा-अठरा पट असावा असा कारागिरांचा ठोकताळा आहे. 8 मिलिमीटरच्या दोराला 13 सेंटीमीटरच्या आसपास ड्रम हवा. स्वस्त विंचमध्ये लोखंड वाचवायला तो लहान करतात, मग आतल्या तारा वाकून वाकून तुटतात, आणि बाहेरून बराच काळ काही दिसत नाही.

तिसरी मर्यादा सगळ्यात वाईट. एकास दहा गियरमध्ये भार एक मीटर खाली आला की हँडल तीसेक फेरे मारतं. चढवताना हे आपल्या बाजूने असतं. उतरवताना मात्र खटका उचलून धरावा लागतो, कारण खटका पडलेला असेल तर ड्रम उलटा फिरणारच नाही. खटका उचलला की अर्धा टन ओझं आणि जमीन यांच्यामध्ये फक्त तुमचं मनगट उरतं. मनगट निसटलं की हँडल पंख्यासारखं फिरू लागतं.

गेल्या हिवाळ्यात आमच्या कॅम्पपासून थोड्या अंतरावर एका ठेकेदाराची माणसं वरच्या रस्त्यावरून केबलचं रीळ खाली उतरवत होती. हातमोज्यावर दव, हातमोजा हँडलवर घसरला. बाजूच्या मजुराने सवयीने हात पुढे केला. हँडलने त्याच्या कोपराखालचं हाड मोडलं. रीळ झाडाला अडकलं म्हणून खालची माणसं वाचली. आमच्या नर्सिंग असिस्टंटने त्याच्या हाताला खपच्या बांधल्या आणि गाडीने त्याला खाली पाठवलं. त्या संध्याकाळी सुभेदार साहेबांनी सगळ्या पोरांना गोळा करून दोनच वाक्यं सांगितली: “हँडल सोडायचं नाही. आणि सुटलंच, तर धरायला जायचं नाही रे पोरांनो.”

वाक्यं सोन्यासारखी आहेत. पण हा नियम माणसाने पाळायचा आहे, यंत्राने नाही. थंडीत, पावसात, बारा तासांच्या कामानंतर माणसाकडून नियम सुटतो. म्हणून ज्यांनी ज्यांनी या यंत्रावर डोकं चालवलं, त्यांनी हा नियम यंत्रातच बसवण्याचा प्रयत्न केला. तो इतिहास बघण्यासारखा आहे.

मोटेपासून रोमपर्यंत

आपल्याकडे विहिरीवर दोन गोष्टी होत्या, रहाट आणि मोट. माझ्या आजोबांनी सातारा जिल्ह्यातल्या आमच्या मळ्यात मोट हाकली होती. ते सांगायचे की भरली मोट वर येताना बैल धावेवरून उतरत जातात, ते कोणालाही जमतं. मोट परत विहिरीत सोडताना बैलांना उलट्या पावली मागे सरकवावं लागतं, आणि त्यात मोटकऱ्याची परीक्षा असते. घाई केली की दोर सैल पडतो, मोट भिंतीवर आपटते. शिवाय मोटेला दोर दोन. जाड नाडा ओझं ओढतो, आणि सोंदूर म्हणतात तो पातळ दोर मोटेची सोंड सांभाळतो. ओझं नाड्यावर असलं तरी सोंदूर तुटला की पाणी थारोळ्यात पडत नाही. हा पातळ दोर लक्षात ठेवा, पुढे तो पुन्हा येणार आहे.

रोमन लोकांकडे विंच होतं, पण त्याला आजच्यासारखं वाकडं हँडल नव्हतं. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातल्या व्हिट्रुव्हियस या स्थापत्यकाराने आपल्या ग्रंथाच्या दहाव्या भागात उचलण्याच्या यंत्रांचं वर्णन केलं आहे. आडव्या लाकडी रुळाला भोकं, भोकांत दांडे खुपसायचे आणि आळीपाळीने ओढायचे. वाकडं हँडल चीनमध्ये हान राजवटीच्या काळातल्या धान्य उफणायच्या पंख्याला दिसतं. हँडलमुळे हात न उचलता सलग फिरवता येऊ लागलं, वेग वाढला. पण दांड्यांच्या जुन्या पद्धतीत एक दांडा काढताना दुसरा कोणीतरी धरून ठेवायचाच. हँडलमध्ये ती सक्तीची धरपकड गेली. सोय वाढली तशी जोखीमही वाढली, असं मला वाटतं.

ब्रेक नसलेल्या यंत्राने किती मोठं काम होऊ शकतं, याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण रोममधलं आहे. 1586 साली डोमेनिको फोंताना याने व्हॅटिकनमधला तीनशे टनांहून जड इजिप्शियन दगडी स्तंभ आडवा केला, हलवला आणि सेंट पीटर चर्चपुढच्या चौकात पुन्हा उभा केला. त्यासाठी 40 उभे रहाट, सुमारे 900 माणसं आणि घोडे लावले होते. माणसांना ताकद कमी नव्हती. अडचण होती ती चाळीस दोरांवर सारखा ताण ठेवण्याची. एका रहाटाने जास्त ओढलं की सगळं वजन त्याच्याच दोरावर येणार. म्हणून फोंतानाने इशारे ठरवले. तुतारी वाजली की ओढायचं, घंटा वाजली की थांबायचं. मध्ये कोणी बोलायचं नाही. सॅपर असल्यामुळे मला हे लगेच पटतं. यंत्रात ब्रेक नसेल तर तो माणसांच्या शिस्तीत बसवावा लागतो. आजही शीअर लेग्ज उभे करताना आमच्याकडे हुकूम एकच माणूस देतो, आणि बाकी सगळे गप्प असतात.

तंजावरचा तुटलेला दोर

आता आपल्या देशात या. काही वर्षांपूर्वी दक्षिणेत पोस्टिंग असताना मी तंजावरचं बृहदीश्वर मंदिर पाहिलं. मराठी माणसाला तिथे दुहेरी ओढ असते. दहाव्या-अकराव्या शतकाच्या संधीवर राजराज चोळाने देऊळ बांधायला घेतलं, आणि त्याच देवळात 1803 साली सरफोजीराजांच्या काळात कोरलेला भोसले घराण्याच्या इतिहासाचा भला मोठा मराठी शिलालेख आहे. परक्या लिपींच्या गर्दीत तो वाचताना ऊर भरून येतो. देवळाचं शिखर 60 मीटरहून उंच. त्याच्या माथ्यावरचा दगड काही मैलांवरून मातीचा लांबच लांब उतार रचून वर आणला, असं तिथली परंपरा सांगते. ते खरं असेल तर त्यामागचा विचार विंचवाल्यांनी शिकण्यासारखा आहे. उतारावर ओझं थांबलं की खाली पाचर लावता येते. टांगलेल्या ओझ्याला पाचर लागत नाही.

याच देवळाशी आपल्या विषयाची एक खरी आणि महागात पडलेली घटना जोडलेली आहे. विल्यम लॅम्बटन हा ब्रिटिश पायदळ पलटणीतला अधिकारी. 1799 च्या श्रीरंगपट्टणच्या लढाईत तो होता. 1802 मध्ये त्याने मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपाशी साडेसात मैलांची पायारेषा मोजली आणि भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला सुरुवात केली. त्याचं मुख्य यंत्र म्हणजे लंडनच्या विल्यम कॅरीने बनवलेला थिओडोलाइट, तीन फूट व्यासाच्या चक्राचा आणि सुमारे अर्ध्या टनाचा. हे यंत्र भारतात येत असतानाच फ्रेंचांनी जहाजासकट पकडून मॉरिशसला नेलं होतं. पण ते शास्त्राचं साहित्य आहे हे कळल्यावर फ्रेंच गव्हर्नरने मोठ्या मनाने ते मद्रासला पाठवून दिलं. समुद्र आणि शत्रू या दोन्हींतून ते सुखरूप सुटलं.

कावेरीच्या सपाट मुलखात लॅम्बटनची पंचाईत झाली. डोंगर नाहीत, सगळीकडे नारळाची आणि ताडाची झाडं, लांबचं काही दिसत नाही. उंच जागा म्हणजे फक्त देवळं. म्हणून थिओडोलाइट देवळांवर चढवायचा असं ठरलं. 1808 साली तंजावरच्या मोठ्या देवळावर तो दोर-कप्प्यांनी चढवत असताना अपघात झाला. भार उचलणारा मुख्य दोर तुटला नाही. यंत्र भिंतीपासून लांब राहावं म्हणून बाजूने ताणून धरलेला दोर तुटला. अर्ध्या टनाचं यंत्र झोका घेऊन भिंतीवर आदळलं, आणि ज्या चक्रावर अंशाचे बारीक भाग कोरलेले होते ते चक्रच वाकलं.

म्हणजे मघाचा सोंदूरच. ओझं ज्याच्यावर नाही, म्हणून ज्याच्याकडे कोणी नीट पाहिलं नाही, तो पातळ दोर. आमच्या प्रशिक्षणात डेरिक उभारताना गाय रोप, म्हणजे बाजूचे ताणदोर, आणि त्यांचे होल्डफास्ट आधी तपासायला लावतात. तीन मेखा, मग दोन, मग एक अशी ठोकणी करून घेतात आणि प्रत्येक मेखेवर उस्ताद स्वतः पाय ठेवून बघतो. रिक्रूट असताना हे कंटाळवाणं वाटायचं. लॅम्बटनची गोष्ट वाचल्यापासून वाटत नाही.

त्या काळात बदली यंत्र इंग्लंडहून मागवायचं म्हणजे वर्षं गेली असती. लॅम्बटन मोडलेलं यंत्र घेऊन जवळपास सहा आठवडे आत बसून राहिला. सपाट फळीवर अचूक मापाचं वर्तुळ आखलं आणि पाचर, स्क्रू आणि कप्प्या वापरून वाकलेलं चक्र केसाकेसाने ओढत त्या वर्तुळात बसवलं. वाकलेल्या आऱ्या लाकडी हातोडीने सरळ केल्या. ज्या कप्प्यांनी यंत्र मोडलं त्याच कप्प्यांनी दुरुस्त झालं. दुरुस्तीनंतर त्याच यंत्राने पुढे अनेक वर्षं सर्वेक्षण चाललं. फौजेत असलेल्या कोणालाही या माणसाबद्दल आदर वाटेल. पण हिशोब म्हणून पाहिलं तर एका बाजूच्या दोराची किंमत सहा आठवडे होती.

ओझं स्वतःच ब्रेक दाबतं

एकोणिसाव्या शतकात विंच बदललं ते खाणी, कारखाने आणि बंदरांमुळे. 1834 मध्ये जर्मनीतल्या हार्झ भागात विल्हेल्म आल्बर्ट याने खाणीसाठी तारेचा दोर बनवला. तागाचा दोर ओल्याने कुजतो, तारेचा कुजत नाही आणि बारीक असूनही जास्त भार घेतो. दोराचा प्रश्न बराच सुटला. पण दोर मजबूत झाला तरी हात तोच राहिला.

हाताच्या प्रश्नावर पहिलं चांगलं उत्तर मळसूत्राने दिलं. ओतकामाच्या कारखान्यात वितळलेल्या लोखंडाचं मोठं भांडं माणसं दांड्याने कलती करायची, तोल गेला की उकळतं लोखंड अंगावर. 1838 मध्ये इंग्लंडात जेम्स नॅस्मिथ याने त्या भांड्याला वर्म गियर लावला. आडव्या मळसूत्राने चाक फिरतं, पण चाकाने मळसूत्र फिरत नाही. त्यामुळे एकच माणूस भांडं हळूहळू कलतं करू शकतो, आणि हात सोडला तर ते जिथल्या तिथे थांबतं. हेच तत्त्व विंचला लावलं की वर्म गियरचं विंच तयार होतं. त्याची किंमत मोजावी लागते ती घर्षणात. घर्षणाच्या जोरावर आपोआप थांबणाऱ्या अशा यंत्रात निम्म्याहून जास्त ताकद वाया जातेच, कारण ते थांबतंच त्या घर्षणामुळे. म्हणून ही विंच सुरक्षित असतात, पण दमवतात.

त्याच शतकाच्या मध्यावर थॉमस वेस्टन या इंग्रजाने वेगळ्या दातांच्या दोन चाकांची चेन कप्पी पुढे आणली. वर एकाच आसावर दोन चाकं, समजा एक 15 दातांचं आणि एक 14 दातांचं. साखळी एकावर चढते आणि दुसऱ्यावरून उतरते. दर फेऱ्याला फक्त एका दाताचा फरक पडतो, म्हणून तीसपट जोर मिळतो. इथेही निम्म्याहून जास्त ताकद घर्षणात जाते, आणि म्हणूनच साखळी सोडली तरी ओझं लटकून राहतं. पण मला खरं कौतुक वाटतं ते वेस्टनच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या ब्रेकचं. चांगल्या चेन कप्पीत आणि ब्रेकच्या विंचमध्ये आजही त्याच पद्धतीचा ब्रेक असतो. तो कसा चालतो ते थोडं सावकाश वाचा, कारण सगळी गंमत तिथे आहे.

हँडलच्या आसावर आटे कापलेले असतात आणि लहान दातेरी चाक नटसारखं त्या आट्यांवर बसतं. त्या चाकाच्या शेजारी एक खटक्याचं चाक, दोन्ही बाजूंना घर्षणाच्या चकत्या. हँडल चढवायच्या दिशेने फिरवलं की नट आवळला जातो, चकत्या दाबल्या जातात, सगळं मिळून फिरतं आणि खटका टक-टक वाजत राहतो. आता हात सोडा. ओझं दातेरी चाकाला उलटं फिरवू पाहतं, पण त्या उलट्या फिरण्यानेच नट आणखी आवळतो. चकत्या खटक्याच्या चाकाला घट्ट चिकटतात आणि खटका ते चाक धरून ठेवतो. ओझं जितकं जड, तितकी पकड घट्ट. उतरवायचं असेल तर खटक्याला हातही लावायचा नाही. हँडल उलटं फिरवायचं, नट किंचित सैल होतो, ओझं किंचित खाली येतं आणि येता येता पुन्हा नट आवळतं. हात फिरतो तेवढंच ओझं उतरतं.

घर्षण इथेही आहे, पण ते मुख्यतः उतरताना कामाला लागतं, चढवताना नाही. म्हणून वर्म गियरसारखी अर्धी ताकद वाया जात नाही. सुभेदार साहेबांची दोन वाक्यं कोणीतरी लोखंडात कोरून ठेवली आहेत असं मला हा ब्रेक पहिल्यांदा उघडून पाहिला तेव्हा वाटलं. अर्थात यालाही मर्यादा आहेत. ओझं अगदी हलकं असेल तर नट नीट आवळत नाही. लांबचं उतरवताना चकत्या तापतात. आणि कोणी हौसेने चकत्यांवर ग्रीस फासलं तर ब्रेक संपला.

तिसरा मार्ग विसाव्या शतकात फ्रान्समधून आला. टिरफोर नावाच्या यंत्रात ड्रमच नाही. आत जबड्यांच्या दोन जोड्या असतात. माणूस दोरावर हाताने चढतो तसा एक जबडा दोर पकडतो, दुसरा पुढे सरकतो. दांडा मागेपुढे करत राहायचं. ड्रम नसल्यामुळे थरांचा प्रश्नच नाही, दोर कितीही लांब चालतो. इथेही तत्त्व तेच आहे, ओझं वाढलं की जबड्याची पकड वाढते. शिवाय दांड्यात मुद्दाम कमजोर ठेवलेल्या पिना असतात. क्षमतेबाहेर ओढलं की आधी पिन तुटते, दोर नाही. तुटायचंच असेल तर काय तुटावं हे आधी ठरवून ठेवणं, यापेक्षा शहाणपणाची सुधारणा मला माहीत नाही. ही यंत्रं हळू चालतात, दोर ठरलेल्याच जाडीचा लागतो आणि चिखल आत गेला की रुसतात. तरी दरीतून काही काढायचं असेल तर मी डोळे मिटून टिरफोर मागतो.

नदीवरची ट्रॉली

आता इथे गढवालमध्ये परत येतो, कारण हा इतिहास इथे अजून संपलेला नाही. जून 2013 च्या महापुरात मंदाकिनीच्या खोऱ्यातले पूल वाहून गेले. त्यानंतर बऱ्याच ठिकाणी नदीवर तारेचा दोर ताणून त्यावर हाताने ओढायच्या ट्रॉल्या लावल्या गेल्या. डोंगरात अशा ट्रॉल्या आधीपासून आहेत, काही भागांत त्यांना गरारी म्हणतात. शाळेची मुलं, गवताचे भारे घेतलेल्या बाया, आजारी माणसं, सगळे त्यातून जातात. ट्रॉलीत बसलेल्यानेच किंवा काठावरच्याने दोर हाताने ओढायचा. दोर कप्पीत शिरतो तिथे हात गेला की बोटं चिरडतात. अशा बातम्या इथल्या वर्तमानपत्रांत अनेकदा आल्या आहेत.

या ट्रॉलीत ना ड्रम आहे, ना खटका, ना ब्रेक. व्हिट्रुव्हियसच्या रोमन मजुराकडे निदान दांडे होते. इथे माणसाचा पंजाच यंत्राचा भाग आहे. खरा उपाय पूल हाच आहे, यात वाद नाही. पण पूल होईपर्यंत कप्पीवर पत्र्याचं झाकण बसवणं आणि ओढायचा दोर काठावरच्या ब्रेकच्या विंचवर घेणं, या दोन गोष्टींना कोणतंही नवं शास्त्र लागत नाही. दोन्ही गोष्टी दीडशे वर्षांपूर्वीच माहीत झालेल्या आहेत. शोध लागणं आणि तो गरजू माणसाच्या हातात पोचणं यांत जे अंतर असतं, ते इथल्या नदीवर उभं राहिलं की नजरेने मोजता येतं.

स्वस्त विंच असेलच तर

आपल्या गावाकडेही हा विषय लांबचा नाही. विहीर खोदताना लावतात ती यारी, बोअरमध्ये मोटर सोडायला लावतात ती तिपाई आणि विंच, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर जड सामान चढवायला जोडलेलं विंच, सगळी याच कुटुंबातली. म्हणून जाता जाता थोडं कामाचं.

घेताना पहिला प्रश्न क्षमता किती हा नको, ब्रेक आहे का हा विचारा. सपाट जमिनीवर ओढायला नुसत्या खटक्याचं विंच चालेल. टांगून उचलायला किंवा उतारावर लावायला ब्रेकचंच हवं. दुकानदार दोन्ही एकाच नावाने विकतो. हँडल फिरवून हात सोडून बघा, उलटं फिरवताना अडकून अडकून फिरतं का ते बघा.

ब्रेक नसलेलं विंच आधीच घरात असेल तर त्यावर टांगून उतरवण्याचं काम करू नका. उतरवायचंच असेल तर जाड दोराचे तीन-चार वेढे झाडाच्या बुंध्याला किंवा पक्क्या खांबाला घालून सोडत जा. वेढ्यांचं घर्षण मनगटापेक्षा इमानदार असतं. ड्रमवर शेवटचे तीन वेढे कधीच संपू देऊ नका, नाहीतर सगळा ताण दोराच्या एका क्लॅम्पवर येतो. पाटीवरच्या आकड्याच्या निम्म्यानेच काम करा, म्हणजे थरांचा आणि झिजेचा हिशोब आपोआप धरला जातो. दात्यांना ग्रीस लावा, ब्रेकच्या चकत्यांना नाही. उघड्या दात्यांवर पत्र्याचं झाकण ठोका, ते काम गावचा वेल्डर अर्ध्या तासात करतो. तारेचा दोर हातमोजा घालून चिंधीने पुसत न्या. चिंधी अडकली तर तिथे तार तुटलेली आहे.

ताण असताना दोराच्या रेषेत कोणी उभं राहायचं नाही, आणि ओझ्याखाली तर नाहीच. बाजूचे ताणदोर मुख्य दोराइतकेच तपासा, तंजावर आठवा.

आणि शेवटचं. सामानासाठी बनवलेल्या विंचवर माणूस बसवायचा नाही. विहिरीत उतरायला यारीच्या बादलीत पाय टाकणारा प्रत्येक गडी हेच म्हणतो की दोन मिनिटांचं काम आहे. यारीचा दोर तुटून गेलेली माणसंही दोन मिनिटांच्याच कामाला उतरली होती. शिडी लावा, वेळ लागू द्या.